खालच्या काकांची खुर्ची

गेल्या महिन्यात आम्ही बाणेरला सोफा बघायला गेलो होतो. दुकान असं, की आत शिरताना चपला बाहेर काढाव्यात की काय असं वाटावं. बायको सरळ सोफ्यांकडे गेली. मी मात्र, का कोण जाणे, लाकडी हातांच्या एका खुर्चीपुढे गुडघे टेकले आणि मान वाकडी करून तिच्या सीटखाली बघायला लागलो. मोबाइलचा टॉर्चही लावला. तेवढ्यात काळ्या कोटातली एक मुलगी शेजारी येऊन उभी राहिली.

"सर, काही पडलंय का?" तिनं अगदी आदबीनं विचारलं.

"नाही, नाही," मी म्हणालो, "ढेकूण आहेत का बघतोय."

वाक्य तोंडातून गेल्यावर मला ऐकू आलं. शेजारच्या सोफ्यावर बसून उशा दाबून बघणारं एक जोडपं ताडकन उठलं. मुलीनं मॅनेजरला हाक मारली. मॅनेजर आला आणि आपल्याकडे माल उतरतानाच फवारणी कशी होते ते मला समजावत राहिला. मी शहाण्यासारखी मान डोलावत होतो. पाच मिनिटांनी वळून पाहिलं तर बायको पार्किंगमध्ये पोचलेली.

गाडीत ती एकच शब्द बोलली. "पुन्हा?"

पुन्हाच. हे वाक्य मी आयुष्यात त्याआधी एकदा बोललो होतो, आणि तेव्हाही समोर खुर्चीच होती. त्या खुर्चीचे मालक आता नाहीत. ते असते तर हे लिहायची माझी हिंमत झाली नसती. त्यांनी ते लाल पेननं तपासून, 'अतिशयोक्ती' असा शेरा मारून जिन्यात ठेवून दिलं असतं.

सहकारनगरात त्यांच्या बंगलीच्या वरच्या मजल्यावर आम्ही सहा वर्षं भाड्यानं राहिलो. ते खाली एकटेच. पत्नी आम्ही राहायला जायच्या आधीच गेलेली. माझं नाव त्यांना पक्कं माहीत होतं, कारण दर अकरा महिन्यांनी करारनाम्याचा मसुदा ते स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहून काढत. पण हाक मात्र 'अहो वरचे!' अशीच. बायको 'वरच्या बाई'. मग आम्हीही त्यांना आपसांत 'खालचे' म्हणायला लागलो, आणि तोंडावर 'काका'.

काकांची सगळी नोकरी एका दूध डेअरीत गेली. यंत्रं बघायचे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी दुधानं त्यांना सोडलं नव्हतं. पेनं ठेवायच्या भांड्यात पेनांबरोबर एक लॅक्टोमीटर असायचा. सकाळी आमचा गवळी जिना चढायला लागला, की हे खाली दार उघडून लॅक्टोमीटर घेऊन उभे. गवळ्याच्या किटलीतच तो सोडायचा, डोळे बारीक करून रेघ वाचायची आणि वर बघून ओरडायचं, "वरच्या बाई, आज पाणी छान आहे. किंचित दूध लागलंय, पण चालेल!" गवळी बिचारा गालातल्या गालात हसायचा. आम्ही पिशवीचं दूध सुरू केलं, तेव्हा त्यांनी पिशवी उजेडात धरून पाहिली आणि परत दिली. "हे दूध नव्हे. हा दुधाचा फोटो आहे."

पण त्यांच्या विक्षिप्तपणाची खरी ख्याती निराळीच होती. ते कुणाकडे बसत नसत. सहा वर्षांत आमच्याकडे सत्यनारायण झाले, मुलीचे वाढदिवस झाले, काका दर वेळी वर आले आणि दर वेळी उभ्यानंच गेले. "बसा ना काका," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसलं की गप्पा होतात." लग्नाकार्यात त्यांच्या वयाची माणसं बुफेच्या नावानं बोटं मोडत असताना हे हातात ताट घेऊन खांबाशी उभे राहत आणि म्हणत, "बुफे ही मानवाची प्रगती आहे." आळीत त्यांच्या या उभं राहण्याच्या नकला व्हायच्या. त्यातली सर्वांत हुबेहूब नक्कल कोण करायचं, हे सांगायची गरज नाही. मी भिंतीला एक हात लावून मान जरा तिरकी करायचो, आणि लोक पोट धरून हसायचे.

स्वतःच्या घरात मात्र ते बसत. एकाच जागी, एकाच खुर्चीत. ती खुर्ची डेन्मार्कची.

तरुणपणी डेअरीनं त्यांना दीड वर्ष तिकडे शिकायला पाठवलं होतं. निघताना तिथल्या कारखान्यातल्या सोबत्यांनी निरोपाची भेट म्हणून एक खुर्ची दिली. काकांनी ती बोटीनं आणली. मुंबईला बंदरावर अधिकाऱ्यांनी खोकं फोडलं, आत खुर्चीच आहे म्हटल्यावर ते निराश झाले. पुणे स्टेशनवरून ती हातगाडीवर घरी आली. वडील पाटावर बसलेले होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "दीड वर्ष तिकडचं दूध प्यायलास, आणि आणलंस काय, तर लाकूड?" वडील असेपर्यंत त्यांच्यासमोर काका त्या खुर्चीत एकदाही बसले नाहीत. हे सगळं मला त्यांनी सांगितलं, तेव्हा मी त्याच खुर्चीत बसलेलो होतो आणि ते उभे होते.

तेही त्यांचं एक तंत्रच. कुणी तक्रार घेऊन आलं, की काका दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवत, पुटपुटत "एक, दोन", आणि उठत. मग आलेल्याला तिथं बसवत आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्याला हात लावून उभे राहत. समोर चांगला मोठा दिवाण होता, मऊ गादीचा, पण त्यावर फक्त वर्तमानपत्रं बसत. खुर्ची अशी होती की तिच्यात शिरल्यावर माणसाचा राग पाठीतून गळून जायचा. पाठीमागची पट्टी धनुष्यासारखी वाकवलेली, आणि हात पुढे येता येता रुंद होत गेलेले, भाताच्या उलथन्यासारखे. बोट फिरवलं तर कुठं जोड लागत नसे. सीटवर निळसर करड्या लोकरीचं जाड कापड, तिकडचंच. नळाला पाणी येत नाही म्हणून तणतणत खाली गेलेला मी दर वेळी डेन्मार्कचा पाऊस ऐकून परत यायचो. नळ मात्र दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेला असायचा. तेवढं त्यांचं चोख.

दर रविवारी दहा वाजता ते जुन्या बनियनच्या बोळ्यानं खुर्चीला जवसाचं तेल लावत. सगळ्या जिन्याला वास यायचा. "सागवान आहे," ते सांगत, "म्हणजे लाकूड आपल्या बाजूचंच. तिकडे जाऊन शिकून आलं. माझ्यासारखं. फरक एवढाच, की त्याचा उपयोग झाला." खंडेनवमीला लोक हत्यारं, गाड्या, संगणक पुजतात. काका लॅक्टोमीटरला आणि खुर्चीला हळदकुंकू वाहायचे, झेंडूचं फूल ठेवायचे. त्या दिवशी खुर्ची रिकामी, आणि हे दिवसभर उभे.

आणखी एक. पाहुणा निघाला की ते फाटकापर्यंत येत. भर उन्हात, पावसात, कसेही. स्कूटर वळणाआड जाईपर्यंत तिथंच. परत आत जायचं त्यांच्या मनातच नसतं, असं मी म्हणायचो.

आता मुद्द्यावर यायला हवं. इतका वेळ मी काकांच्या गमती सांगतोय त्याचं कारण, पुढच्या भागात गंमत माझी आहे.

हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक सहकारी बसायचा. त्यानं नवा फ्लॅट घेतला होता आणि तो सजावटीनं पछाडला होता. एकदा त्यानं मोबाइलवर खुर्च्यांचे फोटो दाखवले. मी म्हणालो, "ही तर आमच्या खालच्यांकडे आहे." त्यानं माझ्याकडे ज्या आदरानं पाहिलं, तसं त्या कंपनीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यानं आकडा सांगितला. तो मी लिहीत नाही, कारण तो ऐकल्यावर माझ्या चेहऱ्याचं जे झालं असेल ते मला आठवायचं नाही. "खरी असली तर," तो म्हणाला. "खाली शिक्का असतो. बघून घे."

त्या आठवड्यापासून माझ्या अंगात काकांविषयी माया दाटून आली. त्यांची भाजी मी आणायला लागलो. औषधं आणायला लागलो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बायकोनं हे सगळं भाजी निवडता निवडता पाहिलं.

"बरे आहात ना?" तिनं विचारलं.

"का? म्हाताऱ्या माणसाची काळजी घेऊ नये?"

"घ्यावी की. तुमच्या आईच्या मोतीबिंदूला रजा शिल्लक नव्हती, म्हणून विचारलं."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. ही कला मला लग्नानंतर साधली आहे.

एका शनिवारी दुपारी मी खाली बसलो होतो, खुर्चीत. काका चहा करायला आत गेले. चहा ते दुसऱ्याला करू देत नसत, दुधाचा अपमान होतो म्हणून. आतून स्टोव्हचा आवाज आला तसा मी उठलो, खुर्ची दिवाणावर उलटी केली आणि मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकलो. सीट नुसती चौकटीत बसवलेली असते, हे मला काय माहीत? ती सुटली, दिवाणावरून घसरली आणि धाडकन फरशीवर पडली. मी वळलो तर दारात काका, दोन्ही हातांत कप.

"काय झालं?"

"ढेकूण, काका," मी म्हणालो. "म्हणजे ढेकूण आहेत का, बघत होतो. मघाशी चावल्यासारखं झालं."

काकांनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. "माझ्या खुर्चीत?" असं त्यांनी इतक्या हळू विचारलं, की घरातल्या मुलीबद्दल कुणी भलतंसलतं सांगावं आणि बापानं विचारावं तसं वाटलं. मी म्हणालो, कदाचित डास असेल. पण ते ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार. दहा वाजले तरी तेलाचा वास येईना. त्याऐवजी खालून टक, टक असा बारीक आवाज. गॅलरीतून वाकून पाहिलं तर काका अंगणातल्या ओट्याशी उभे राहून सीटचे बारीक खिळे एकेक करून पकडीनं उपटत होते आणि वाटीत टाकत होते. कापड मोकळं झाल्यावर त्यांनी ते उकळत्या पाण्यात घातलं. आयुष्यभर दुधाच्या टाक्या नि नळ्या उकळून निर्जंतुक करणाऱ्या माणसाला दुसरा उपाय सुचणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी दोरीवर त्या कापडाचा जेमतेम कानटोपीएवढा, घट्ट, वाकडा तुकडा वाळत होता.

"एकही ढेकूण नव्हता," काका मला म्हणाले. "पण कापड गेलं."

मी "अरेरे" म्हणालो. आता खरं सांगतो, त्या 'अरेरे'च्या आत काय होतं. काकांची पन्नास वर्षांची वस्तू गेली, ती माझ्या एका खोट्यामुळे, हे मनात आलंच नाही असं नाही. पण ते दुसरं आलं. पहिलं आलं ते हे, की आता किंमत किती उतरेल.

काकांनी घरातली जुनी घोंगडी कापली आणि स्वतःच सीटवर ठोकली. ती टोचायची. तक्रारी घेऊन येणारे त्यानंतर लवकर उठायला लागले.

वर्षभरानं बंगली बिल्डरला द्यायचं ठरलं. पुतण्यानं काकांसाठी खडकवासल्याच्या बाजूला एक खोली पाहिली. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, 'ज्येष्ठ निवास' म्हणायचं. खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं, एवढं काकांनी सांगितलं. आम्हीही धायरीला फ्लॅट घेतला होता. निघायच्या चार दिवस आधी त्यांनी आम्हा दोघांना खाली बोलावलं. चहा झाला.

"काय काय हवं ते सांगून टाका," काका खुर्चीतून म्हणाले. "नाहीतर पुतण्या सगळं भंगारात घालेल. वरच्या बाई, तुम्ही बोला."

बायकोनं खलबत्ता मागितला. काका खूश झाले.

"आणि तुम्ही हो, वरचे?"

"मला काय काका," मी हात चोळत म्हणालो, "काहीही चालेल. तुमची आठवण म्हणून… ती खुर्ची दिलीत तरी चालेल."

बायको कप उचलून आत घेऊन गेली. काकांनी दोन्ही हातांखालच्या लाकडाकडे पाहिलं.

"खुर्ची हवी?"

"म्हणजे, तुम्ही नेणार नसाल तर."

त्यांनी तळवे टेकले. एक, दोन. उठले आणि बाजूला झाले. "न्या."

"आत्ता नको काका, टेम्पो येईल त्या दिवशी…"

"आत्ताच न्या. मागाहून माझा विचार बदलेल."

मी ती उचलून वर नेली. पुढचे चार दिवस ते खाली कशावर बसले असतील, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

धायरीच्या हॉलमध्ये खुर्ची शोभली. येणाऱ्याजाणाऱ्याला मी डेन्मार्क सांगायला लागलो, बोट आणि बंदर आणि हातगाडीसकट, जणू ती हातगाडी मीच ओढली होती. बसमधला सहकारी एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. त्या गृहस्थानं घोंगडीवर बोट ठेवून विचारलं, "मूळ कापड?" मी म्हणालो, "उकळलं." ते दोघं चहा न घेता गेले. तेव्हा खुर्ची विकली नाही, यात माझा काही मोठेपणा नाही.

आणि काकांकडे जाणं? ते राहिलं. कामाचा व्याप होता, मुलीची दहावी होती, सिंहगड रस्त्याला रहदारी होती. यातलं एकही खोटं नाही. पण खुर्ची मिळायच्या आधीही रहदारी होतीच.

चार महिन्यांनी बायकोनं लोणी कढवायच्या आधी एका डब्यात थोडं काढलं आणि डबा माझ्या हातात ठेवला. "देऊन या त्यांना. लोणी आहे, उन्हाच्या आत पोचा."

काका व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. जरा वाळले होते. डबा उघडून त्यांनी वास घेतला. "म्हशीचं. विरजण जरा आंबट होतं. पण हात चांगला आहे वरच्या बाईंचा." मला बरं वाटलं, म्हणजे सगळं ठीक आहे. चहा आला तो त्यांनी घेतला नाही. मी म्हणालो, "दुधाचा फोटो का?" ते नुसते हसले. शेजारी तांब्या भरलेला होता, पेला उपडा. अर्ध्या तासानं मी उठलो.

"या," काका म्हणाले. बसल्याबसल्या.

मी थांबलो. वाटलं, उठतील, फाटकापर्यंत येतील. ते धरणाकडे बघत राहिले. मला राग आला, हे कबूल करतो. एवढ्या लांब लोणी घेऊन आलो, आणि साधं उठायचंही नाही? चार महिने आलो नाही म्हणून फुगलेत, असं मी मनाशी ठरवलं.

फाटकाशी तिथल्या मावशी झाडत होत्या. धरणाच्या खालच्या गावातल्या. मी सहज म्हणालो, "काका फार गप्प झालेत हो."

"गप्प न्हाई तर काय करत्याल?" मावशी म्हणाल्या. "गुडघं पार ग्येल्यात त्यांचं. त्या फ्लास्टिकातनं उठाया येत न्हाई, हात वाकत्यात की तिचं. आमी दोघी लागतो उचलाया. लई लाजत्यात. आन् तुमाला सांगू का, पानीच पीत न्हाईत. पानी प्यालं की उठावं लागतंय ना."

मी गाडीची किल्ली खिशात शोधत होतो. ती हातातच होती.

"घरी कसली तरी लाकडाची खुर्ची व्हती म्हनं," मावशी झाडत झाडत म्हणाल्या, "तिच्यातनं आपलं आपन उठायचं. म्या म्हटलं, आजोबा, मागवा की मंग. तर म्हनत्यात, दिली."

सिंहगड रस्त्याला त्या दिवशी रहदारी नव्हती. असती तर बरं झालं असतं, बघायला काहीतरी मिळालं असतं. दिवाणावरची वर्तमानपत्रं, सत्यनारायणाला भिंतीला लावलेला हात, खांबाशी धरलेलं ताट, सगळं ओळीनं समोर येत होतं. आम्ही ज्याला तऱ्हेवाईकपणा म्हणत होतो ती नुसती खाली बसायची भीती होती. आणि मी तिची नक्कल करून दाखवत होतो.

पुढच्या रविवारी टेम्पो ठरवला आणि खुर्ची घेऊन गेलो. वाटेत एक वाक्य तयार केलं होतं.

"काका, आमच्या हॉलमध्ये अडचण होते हो. म्हटलं, इथं ठेवावी थोडे दिवस."

काकांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वरचे," ते म्हणाले, "तुम्हाला खोटं बोलणं जमत नाही. ढेकणांच्या वेळीही जमलं नव्हतं."

"तुम्हाला… माहीत होतं?"

"ज्याला ढेकूण चावतो तो स्वतःची मांडी बघतो. खुर्चीला टॉर्च लावत नाही."

"मग कापड का उकळलंत?"

"शंका आली ना. तुमचीही आली, खुर्चीचीही आली. दोघांपैकी एकालाच उकळता येत होतं." त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. "शिक्का मागच्या पट्टीला आहे, आतल्या अंगाला. सीट काढली की दिसतो. विचारलं असतंत तर दाखवला असता."

मी विचारलं, मग मला दिलीत का.

"मागितलीत. सहा वर्षांत पाण्याखेरीज काही मागितलं नव्हतंत. वाटलं, फार हवी असेल."

"काका, परत घ्या. मी हात जोडतो."

"दिलेली वस्तू परत घ्यायची नसते." हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, नळाचा वॉशर बदलायला हवा असं सांगावं तसं. मी उभा. खुर्ची उभी. प्लास्टिकात ते. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

मग काका म्हणाले, "करार करा."

"कसला?"

"अकरा महिन्यांचा. मालक तुम्ही, भाडेकरू मी. वस्तू तुमचीच राहील. आणि देखभाल मालकाकडे असते. दर रविवारी येऊन तेल लावायचं. तुमचे नळ मी बघत होतो की नाही?"

त्यांनी खरोखर कागद मागवला आणि टपोऱ्या अक्षरात मसुदा लिहिला. मालकाच्या जागी, पहिल्यांदाच, माझं पूर्ण नाव. मावशींची साक्षीदार म्हणून सही घेतली. मग मी आणि मावशींनी त्यांना उचलून उठवलं. हातात अगदी हलके लागले. सबंध वेळ त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं. ते थोडा वेळ बसले, घोंगडीवर सरकून नीट झाले. मग तळवे टेकले. "एक, दोन." आणि उठले. एकटेच. उभ्यानंच तांब्यातून पेलाभर पाणी ओतलं आणि प्यायले. मग आणखी एक पेला.

मी धरणाकडे बघत राहिलो. पाणी होतं, पलीकडे डोंगर होते. काय बघितलं ते सांगता येणार नाही.

करार एकदा वाढवला. दुसऱ्यांदा वाढवायची वेळ आली त्याच्या आदल्या महिन्यात काका गेले, झोपेत. खुर्ची मी तिथंच राहू दिली. आता दुसरे एक आजोबा तिच्यातून उठतात. रविवारी मी तेल घेऊन जातो. दर रविवारी नाही. जेवढे रविवार जातो त्यापेक्षा जास्त सांगतो.

पण मला सांगायचं होतं ते त्या पहिल्या रविवारचं. टेम्पो परत पाठवून मी घरी आलो, तेव्हा हॉलमध्ये खुर्चीच्या जागी फरशीवर चार पुसट डाग होते. बायको गवार मोडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. बसमधला आकडा, टॉर्च, ढेकूण, गिऱ्हाईक, मावशी, पाणी. काही गाळलं नाही. ती कधी बोलते याची मी वाट बघत होतो. खरं तर मला ती बोलायलाच हवी होती. इतक्या वर्षांत माझ्या एकेका मूर्खपणावर तिनं जे काही ऐकवलं होतं, त्यातलं सगळ्यात जहरी त्या दिवशी ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

ती गवारीच्या शिरा काढत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"त्यांच्या गुडघ्यांचं. एकदा फराळाचं द्यायला खाली गेले तर दिवाणावर अडकून बसले होते. सकाळपासून. मी हात दिला तेव्हा उठले. म्हणाले, वरच्यांना सांगू नका, ते नक्कल चांगली करतात."

तिनं हातातली शेंग मोडली, बाजूला ठेवली.

"तुम्ही खुर्ची मागितलीत तेव्हा मी तिथंच होते. एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. मी कप उचलले आणि आत गेले. म्हटलं, आपल्या नव्या हॉलमध्ये छान दिसेल."

दुसरी शेंग उचलत ती म्हणाली, "मागणारे तुम्ही होतात, म्हणून मला बरं पडलं."